लोणारचं विवर आणि वाइड लेन्स

बुलढाणा जिल्ह्यात लोणारला कॅमेरा घेऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येक हौशी छायाचित्रकाराची कडेवर एकच अडचण होते. विवर फ्रेममध्ये बसत नाही. डावी बाजू घ्यावी तर उजवी सुटते, आणि मागे सरकावं तर कडच दिसेनाशी होते. मग कोणीतरी वाइड लेन्सचा सल्ला देतं. ती लेन्स मिळते, सगळं सरोवर एका फोटोत मावतं, आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहताना नवीच निराशा होते. प्रत्यक्षात खोल दिसलेलं विवर फोटोत परातीसारखं उथळ दिसतं.

या दोन्ही अडचणींमागे साधी भूमिती आहे. ती समजली की वाइड लेन्सची मजा खऱ्या अर्थाने सुरू होते. आणि ती समजून घ्यायला लोणारसारखी जागा शोधून सापडणार नाही, कारण इथला आकार जवळपास गोल आहे आणि त्याची मापं ठाऊक आहेत.

जागेची मापं

लोणारचं विवर दख्खनच्या बसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालं. एके काळी त्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं मानलं जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं. आपल्या कामाचे आकडे तीन आहेत. कडेचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळाच्या सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, आणि कडेपासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. पावसाप्रमाणे पाणी वरखाली होतं, त्यामुळे सरोवराचं माप थोडं बदलतं. फोटोच्या हिशोबाला एवढी अचूकता पुरते.

लेन्स किती पाहते?

लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ. आकडा लहान तितकी लेन्स रुंद पाहते. पण किती रुंद, हे त्या आकड्यावरून एकट्याने ठरत नाही, त्यामागे सेन्सर केवढा आहे तेही पाहावं लागतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतला क्रॉप सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो, कॅननचा त्याहून किंचित लहान. सेन्सर लहान, तर तीच लेन्स कमी रुंदी टिपते.

आडव्या धरलेल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे ४० अंश पाहते, ३५ मिलिमीटरची ५४, २४ मिलिमीटरची ७४, १८ मिलिमीटरची बरोबर ९० आणि १४ मिलिमीटरची १०४ अंश. क्रॉप सेन्सरवर १८ मिलिमीटरला ६६ अंश मिळतात, १२ मिलिमीटरला ८९ आणि १० मिलिमीटरला ९९. जाहिरातीत दिलेला कोन बहुधा फ्रेमच्या तिरप्या कर्णाचा असतो. तो नेहमी मोठा दिसतो, म्हणून दोन लेन्सची तुलना करताना दोन्हींचा आडवा कोनच पाहावा.

क्रॉप कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स त्यामुळे खऱ्या अर्थाने फार रुंद नसते. तिचा १८ चा आकडा फुल फ्रेमच्या सुमारे २७ मिलिमीटरइतकाच पाहतो. फोनचा मुख्य कॅमेराही बहुधा २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतो. फोनवरचं ०.५ चं बटण दाबलं की मात्र आपण १३ मिलिमीटरच्या घरात जातो.

लोणारला किती कोन लागतो?

इथे शाळेतलं एक प्रमेय कामाला येतं: अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो. विवराच्या कडेवर उभे राहा आणि समोर मध्याकडे पाहा. तुमच्या नजरेला आडव्या जाणाऱ्या व्यासाची दोन टोकं, म्हणजे विवराचा सगळ्यात डावा आणि सगळ्यात उजवा भाग, तुमच्या डोळ्याशी बरोबर ९० अंशांचा कोन करतात. कडेवर कुठेही उभे राहिलात तरी हा कोन तोच राहतो.

म्हणजे उत्तर आपोआप मिळालं. फुल फ्रेमवर १८ मिलिमीटर आणि क्रॉप सेन्सरवर १२ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स विवराची समोरची अर्धी कड पूर्ण टिपते. फक्त सरोवर हवं असेल तर मध्यापासून आपण ९०० मीटरवर आणि सरोवराची त्रिज्या ६०० मीटर असा हिशोब करा, कोन सुमारे ८४ अंश येतो. त्याला फुल फ्रेमवर २० आणि क्रॉपवर १३ मिलिमीटर लागतात. किट लेन्सचे ६६ अंश सरोवरालाही पुरत नाहीत, म्हणूनच तिच्यातून एक तरी बाजू सुटते.

उभ्या दिशेचाही हिशोब करू. सरोवराचा आपल्याकडचा काठ कडेपासून आडव्या अंतराने सुमारे ३०० मीटरवर आणि १३७ मीटर खाली आहे. तो क्षितिजाच्या सुमारे २५ अंश खाली दिसतो. १८ मिलिमीटरची लेन्स सरळ धरली तर ती क्षितिजाखाली जवळजवळ ३४ अंश पाहते. म्हणजे कॅमेरा खाली न झुकवताही सगळं पाणी फ्रेममध्ये येतं. क्षितिज बरोबर मध्यावर राहतं आणि वरच्या निम्म्या भागात आकाश येतं. आकाशात ढग नसतील तर तो भाग नंतर कापून टाकावा.

खोली कुठे जाते?

आता दुसरी निराशा. समोरच्या भिंतीचा पाया, म्हणजे सरोवराचा पलीकडचा काठ, आपल्यापासून सुमारे दीड किलोमीटरवर असतो. तिथून वरच्या कडेपर्यंतची १३७ मीटरची चढण आपल्याला जेमतेम ५ अंशांत दिसते. १८ मिलिमीटरच्या लेन्समधून ही भिंत सेन्सरवर दीड-पावणेदोन मिलिमीटर उंच उमटते. फ्रेमची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे भिंतीच्या वाट्याला तिचा पंधरावा भाग येतो. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून तीच भिंत फ्रेमचा जवळजवळ पाचवा भाग व्यापते, पण मग विवर मावत नाही.

डोळ्याला हे जाणवत नाही, कारण पाहताना आपली नजर फिरते आणि जिथे थांबते तिथलं मोठं वाटतं. कॅमेरा मात्र सगळ्याला त्याच्या कोनाच्या प्रमाणातच जागा देतो. १.८ किलोमीटरवरच्या समोरच्या कडेवर उभा असलेला माणूस १८ मिलिमीटरच्या लेन्समधून २४ मेगापिक्सेलच्या फोटोत फक्त तीन पिक्सेल उंच येतो. तोच माणूस तुमच्यापासून दोन मीटरवर उभा असेल तर फ्रेमची जवळजवळ दोन तृतीयांश उंची व्यापतो.

वाइड लेन्सचं सगळं मर्म या दोन आकड्यांत आहे. तिच्यात दूरचं फार लहान होतं आणि जवळचं फार मोठं. लोक तिला ‘सगळं मावणारी लेन्स’ म्हणून विकत घेतात, पण तिचं खरं बळ जवळ जाण्यात आहे. दूरच्या भिंतीची भव्यता तिच्यातून एकटी कधीच येत नाही. ती जवळच्या वस्तूच्या शेजारी ठेवून दाखवावी लागते.

जवळची वस्तू शोधा

म्हणून लोणारच्या कडेवर पोचल्यावर आधी पायाशी पाहा. आघाताने इथल्या बसाल्टचे थर उचलले गेले आणि विवरापासून बाहेरच्या बाजूला कलले. कडेवर काही ठिकाणी ते कललेले थर उघडे दिसतात. त्यांच्या रेषा फ्रेमच्या तळापासून नजरेला आत नेतात, आणि त्या रेषा नुसत्या शोभेच्या नाहीत, विवर कसं झालं ते त्याच सांगतात. सीताफळाची फांदी, वाळलेलं गवत, वळणारी पायवाट हेही चालेल. वस्तू मीटर-दीड मीटरवर असावी. तिच्याकडे अर्ध्या मीटरने सरकलात तर तिचा आकार झपाट्याने वाढतो, पण समोरच्या भिंतीचा आकार तसूभरही बदलत नाही. वाइड लेन्सने फोटो काढताना पावलं हाच झूम.

कॅमेऱ्याची उंचीही बदलून पाहा. गुडघ्याच्या उंचीवरून दगड विवरावर चढल्यासारखा दिसतो आणि मधलं पाणी त्याच्यामागे झाकलं जातं. डोक्याच्या उंचीवरून तोच दगड खाली राहतो आणि पाण्याचं वर्तुळ मोकळं होतं. लोणारला बहुधा उंच धरलेला कॅमेरा जास्त देतो.

जवळचा दगड आणि दूरची भिंत दोन्ही स्पष्ट हवीत, तर फोकस कुठे धरायचा? फुल फ्रेमवर १८ मिलिमीटर आणि छिद्र एफ ८ ठेवलं आणि फोकस सुमारे १.४ मीटरवर धरला, तर ७० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. क्रॉपवर १२ मिलिमीटर आणि एफ ८ ला फोकस ९० सेंटिमीटरवर धरा, ४५ सेंटिमीटरपासून पुढचं सगळं मिळेल. एफ १६ च्या पुढे जाऊ नका. छिद्र फार लहान झालं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळीच स्पष्टता थोडी उतरते.

उजेड कोणत्या बाजूने?

खोली दाखवणारी दुसरी गोष्ट सावली. पूर्वेच्या कडेवरून सकाळी फोटो काढला तर सूर्य पाठीमागे असतो, समोरची भिंत सपाट उजळते आणि तिच्या घळी दिसत नाहीत. उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या कडेवर उभे राहा. सकाळी पूर्वेची भिंत सावलीत आणि पश्चिमेची उन्हात असते, संध्याकाळी उलट. एक बाजू काळोखी आणि एक उजळ झाली की वाटीचा आकार लगेच कळतो.

मात्र एवढ्या रुंद फ्रेममध्ये उजेडाची तफावतही मोठी येते. रॉ फाइल घ्या, आकाश जळणार नाही असं एक्सपोजर ठेवा, आणि गरज पडली तर कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन नंतर जोडा. पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चमक कमी करतो, पण आकाश सूर्यापासून काटकोनाच्या दिशेलाच जास्त गडद करतो. ९० अंशांच्या फ्रेममध्ये त्यामुळे आकाशात निळा डाग पडल्यासारखं दिसतं. आकाश फ्रेममध्ये असेल तर फिल्टर काढून ठेवा. पाण्याच्या रंगासाठी खाली रोखलेल्या फोटोला तो उपयोगी आहे. लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं निष्पन्न झालं. असे रंग टिपायचे असतील तर व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवा, कॅमेऱ्यावर सोडू नका.

कलणाऱ्या भिंती, ताणलेले कोपरे

लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर वाइड लेन्सची वेगळी परीक्षा घेतं. वरचा भाग यावा म्हणून कॅमेरा वर झुकवला की उभ्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. हा लेन्सचा दोष नाही. कॅमेरा झुकला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, आणि वरचा भाग दूर असल्याने लहान उमटतो. लेन्स जितकी रुंद तितकं हे ठळक दिसतं. उपाय असा: कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करा, कॅमेरा अगदी सरळ धरा, थोडं मागे जा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याच्या प्रवेशद्वाराचा फोटो घेतानाही हीच पद्धत लागू पडते.

देवळाच्या आत छतावर पौराणिक प्रसंग कोरले आहेत आणि उजेड कमी आहे. मान वर करून हातात धरलेला कॅमेरा हमखास तिरपा होतो. परवानगी असेल तिथे कॅमेरा जमिनीवर कापडाच्या घडीवर पाठीवर ठेवा, लेन्स थेट वर, चारही खांबांपासून सारखं अंतर, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. हात न लागल्यामुळे शटर सावकाश चालवता येतं आणि छत चौकोनी, सरळ येतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

कोपऱ्यांचं ताणणं मात्र वेगळं. वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते आणि त्याची किंमत कडांना मोजते. मध्यापासून ४५ अंशांवरची वस्तू मध्याच्या तुलनेत बाहेरच्या दिशेने दुप्पट ताणली जाते, तर त्या दिशेला काटकोनात सुमारे १.४ पट. त्यामुळे कडेचा गोल चेहरा अंडाकृती होतो. फिशआय लेन्स याच्या उलट करते. ती आकार बराचसा राखते आणि रेषा वाकवते. मध्यावरून जाणारं क्षितिज तिच्यातही सरळच राहतं.

माणसांच्या गर्दीत

१२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजात, किंवा शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीत, वाइड लेन्स गर्दीच्या आतून पाहते. इथे २४ किंवा २८ मिलिमीटर पुरतात. मुख्य माणूस फ्रेमच्या मध्याजवळ ठेवा, कडांना पताका, रस्ता, आकाश येऊ द्या. एवढ्या जवळ जायचं म्हणजे समोरच्याला तुम्ही दिसताच. नजरेने किंवा शब्दाने परवानगी मागा, फोटो काढल्यावर दाखवा. दुरून झूमने टिपलेल्या चेहऱ्यात नसलेला विश्वास अशा फोटोत येतो.

लेन्स नसेल तर

किट लेन्स आणि पॅनोरमा ही जोडी लोणारला उत्तम चालते. कॅमेरा उभा धरा. क्रॉप सेन्सरवर १८ मिलिमीटरची उभी फ्रेम सुमारे ४७ अंश रुंद असते. शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग सामायिक ठेवला तर चार फोटोंत सुमारे १४० अंश आणि सहा फोटोंत सुमारे २०० अंश होतात. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर बांधा, नाहीतर जोडांवर पट्टे दिसतील. शरीर न फिरवता कॅमेरा स्वतःच्या जागी फिरवण्याचा प्रयत्न करा. जवळ दगड किंवा कठडा नसेल तर हातानेही जोड नीट बसतो, कारण विवरातलं सगळंच दूर आहे. जोडणारं सॉफ्टवेअर विचारेल तेव्हा दंडगोलाकार प्रक्षेपण निवडा. क्षितिज सरळ राहील, कडेचा कठडा मात्र वाकेल. फोनचा पॅनोरमाही आतून हेच करतो.

लेन्स घ्यायचीच असेल तर निसर्गचित्रांसाठी मोठ्या छिद्राच्या महागड्या लेन्सची गरज नाही, कारण आपण एफ ८ ला काम करणार आहोत. क्रॉप डीएसएलआरसाठी कॅननची १०-१८ आणि निकॉनची १०-२० या हलक्या लेन्स अडीचशे ग्रॅमच्या आत बसतात आणि लोणारचे ९० अंश सहज घेतात. जुन्या बाजारात घेताना लेन्स विटांच्या भिंतीसमोर सरळ धरून एक फोटो काढा. चारही कोपरे सारखे स्पष्ट नसतील तर तिचं एखादं भिंग सरकलेलं असू शकतं.

रुंद लेन्स इतकी फुगीर का, हाही प्रश्न पडतो. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर कॅननला ४४ आणि निकॉनला ४६.५ मिलिमीटर आहे. १८ मिलिमीटरची साधी लेन्स तिथे बसूच शकत नाही. पुढे मोठं अंतर्वक्र भिंग लावून प्रतिमा मागे ढकलावी लागते. ही रचना १९५० मध्ये आंजेन्यू या लेन्स कंपनीने ‘रेट्रोफोकस’ या नावाने ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हे अंतर १६ ते २० मिलिमीटरवर आलं, आणि वाइड लेन्स लहान आणि हलक्या करणं सोपं झालं.

जाण्याआधी

लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळ स्थळही. फ्रेमसाठी फांदी तोडू नका, दगड हलवू नका, काठावरच्या क्षारांच्या पापुद्र्यावर चालू नका, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका, आणि कडेवर मागे सरकत फोटो काढू नका.

पहिल्या फेरीत नवी लेन्स विकत घेण्याआधी हातात आहे तो कॅमेरा किंवा फोन न्या. सगळं विवर मावणारा एक फोटो काढा. मग दीड मीटरवर एक दगड निवडा, त्याच्याभोवती फिरा, वाका, उभे राहा, आणि तोच दगड वेगवेगळ्या उंचीवरून विवरासोबत टिपा. घरी सगळे फोटो शेजारी ठेवून पाहा. तुम्हाला वाइड लेन्स खरंच हवी आहे का, हे त्या फोटोंवरून कोणत्याही दुकानदारापेक्षा नेमकं कळेल.